लोडरच्या पिना आणि साहेबांची घाई

त्या यार्डात मी दिवसातून शंभरदा एकच वाक्य ओरडायचो, "बाजूला व्हा!" आणि कुणीही बाजूला व्हायचं नाही.

प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात मी लोडरवर ऑपरेटर होतो. चार मोठी रबरी चाकं आणि पुढं लोखंडी बकेट असलेलं ते पिवळं यंत्र आसपास दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. त्याआधी मी तिसगावकडं ट्रॅक्टर चालवायचो. लोडर आला तेव्हा कारखान्यानं मला तीन आठवडे पुण्याला शिकायला धाडलं. तिथले मास्तर रोज घोकून घ्यायचे, "मशीन चालवायला कुणीही शिकतं. माणसं वाचवायला शिका." मी शिकून परत आलो, तर इथं वाचायची कुणाला गरजच वाटत नव्हती.

हा लोडर मधोमध सांध्यावर वळतो. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक मागच्या धडाला येऊन भिडतं. मधे माणूस असला तर अडकित्त्यातली सुपारी. आणि नेमकी तिथंच गार सावली पडायची. दुपारी मशीन उभं केलं की उसाचा भुसा ओढणाऱ्या बाया तिथं भाकऱ्या सोडून बसायच्या. सुट्टी संपली, मी हॉर्न वाजवला, की त्यातली थोरली मावशी म्हणायची, "आरं, घास तरी गिळू दे. मशीन काय पळून चाललंय व्हय तुजं?" वर उचललेल्या बकेटखाली उभं राहून बिडी पेटवणारे वेगळेच. एकदा एका संचालकांचे पाहुणे लेकराबाळांसकट बकेटमध्ये बसून फोटो काढायला निघाले. मी नाही म्हणालो, तर ऑपरेटर उद्धट आहे अशी तक्रार गेली.

पण माझं डोकं खरं पिकवलं ते दोघांनी. एक आमचे यार्ड सुपरवायझर, म्हणजे साहेब. पांढरा शर्ट, हातात छत्री, आणि तोंडात कायम "आटपा". दुसरे फिटर चाचा. ते मूळचे संगमनेरचे, साठीला टेकलेले, हातात जादू असलेला माणूस. आणि माझं न ऐकण्यात सगळ्यांत पुढं.

लोडरला पुढं दोन भुजा असतात. बकेट काढून तिथं वजन उचलायला दोन लांब काट्यांचा फोर्क लावता येतो. भुजांची भोकं आणि फोर्कची भोकं एका रेषेत आणायची, त्यातून मनगटाएवढ्या जाड पिना ठोकायच्या आणि पिन सरकून येऊ नये म्हणून प्रत्येकीला एक छोटा बोल्ट मारायचा. मग काटे जमिनीवर टेकवून जोर द्यायचा. पुढची चाकं जरा उचलेपर्यंत. एवढ्यानं फोर्क हलला नाही, तरच कामाला लागायचं.

भोकं जुळली का, हे चाचा बोट घालून बघायचे. मी वर केबिनमध्ये, पाय ब्रेकवर, आणि खाली त्यांचं बोट त्या भोकात. भुजा सूतभर जरी सरकली असती, तरी बोट गवारीच्या शेंगेसारखं तुटलं असतं.

"चाचा, बोट काढा! सळई घाला!"

"बेटा, सळई आंधळी असती. बोटाला दिसतंय."

"तुटल्यावर काय दिसणार हाय त्याला?"

"चाळीस वर्सं झाली, आजून धाच्या धा हायेत." असं म्हणून ते दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. मी खाली उतरायचो, इंजिन बंद करायचो, परत चढायचो. साहेब छत्री आपटत म्हणायचे, "एक पिन घालायला किती येळ? आटपा!"

ते दुष्काळाचं साल होतं. पाटाला पाणी नाही, शेतात ऊस नाही. गाळप लवकर बंद पडलं आणि दुरुस्त्या निघाल्या. एका सकाळी वर्कशॉपमधली विजेची जड मोटार उसाच्या गिरणीपर्यंत न्यायची होती. संचालक मंडळ अकराला पाहणीला येणार, त्याआधी मोटार जागेवर दिसली पाहिजे, असा साहेबांचा हट्ट. बकेट काढून फोर्क लावायला घेतला. चाचांनी पुन्हा बोट घातलं. मी पुन्हा ओरडलो. साहेब माझ्यावर ओरडले, "तू ऑपरेटर हायस का हेडमास्तर?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या तुमच्या मनासारखं. चाचांनी पिना ठोकल्या, मी बोल्ट मारायला खाली उतरलो, "झालं" म्हणून परत वर चढलो, काटे जमिनीवर दाबून बघितले नाहीत, आणि थेट मोटार उचलली.

साहेब मोटारीवर हात ठेवून शेजारून चालू लागले, जणू बैलाला पाणी पाजायला नेतायत. मी हॉर्न वाजवला, हातवारे केले. ते हटेनात. अर्ध्या वाटेत डाव्या बाजूनं कर्र असा आवाज आला. पिन सरकत होती. मागून चालणाऱ्या चाचांनी तो माझ्याआधी ऐकला. त्यांनी साहेबांची कॉलर धरून असा हिसका दिला की साहेब भुशाच्या ढिगात उताणे पडले. त्याच क्षणी फोर्क एका अंगाला कलला आणि मोटार, साहेब जिथं चालत होते तिथं, धप्पकन आदळली. मोटारीच्या बुडाचा एक लोखंडी पाय तुटला.

मी इंजिन बंद करून खाली आलो. बिडी काढायला खाकी शर्टाच्या खिशात हात घातला, तर हाताला लागला डाव्या पिनेचा बोल्ट. चाचांचं काम पिन ठोकायचं; बोल्ट मारायचं काम माझं. जगाला शिकवता शिकवता मी तो खिशात घेऊन वर चढलो होतो.

संचालक आले. अंगावरचा भुसा झटकत साहेबांनी सांगून टाकलं, "फिटरनं पिन नीट ठोकली न्हाई." चाचांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मला चाचांचा राग होता, साहेबांचा होता, पण त्या वेळी सगळ्यांत जास्त संताप आला तो माझाच. मी बोल्ट पुढं केला. "चूक माझी हाय. हा लावायचा राहिला. आन् दाबून बघायचं बी राहिलं."

मला आठवडाभर लोडरवरून काढून झाडलोटीला लावलं. तिसऱ्या दिवशी चाचा माझ्याजवळ आले. त्यांनी टोकाला निमुळती केलेली एक पोलादी सळई स्वतः घडवून आणली होती. "बोटापरीस बरी न्हाई," ते कुरकुरत म्हणाले, "पर तुज्या आरडण्यापरीस बरी."

मी पुन्हा केबिनमध्ये बसलो, तेव्हा साहेब पार बदलले होते. रोज सकाळी छत्री रोवून लोडरसमोर उभे. "बोल्ट दाखव. दाब. आजून दाब." फोर्क सोडाच, दोन-दोन महिने न काढलेलं बकेटही ते मला तीन-तीनदा दाबायला लावायचे. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "साहेब, आटपा की आता!"

ते ढिम्म हलले नाहीत. आणि इतकं सगळं होऊनही, हा माणूस उभा राहायचा तो बरोबर वर उचललेल्या बकेटखाली.