मंडळी आत आहेत

आमची तीन मजली इमारत बघून लोक विचारतात, एवढी मोक्याची जागा मिळाली कशी? मी एजंटचा नंबर देऊन मोकळा होतो. पुढचं सांगत नाही.

चिंचवडच्या जुन्या रो-हाऊसांच्या गल्लीतलं ते शेवटचं घर. बघायला निघालो तेव्हा एजंटनं गाडीतच बजावलं होतं, "भावा, घर बघू नको, जागा बघ." खाली दोन खोल्या, वर एक, मागं दोरीवर कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. स्लॅबला ओल, गजांना गंज. ते पाडून खाली आम्ही आणि वर दोन भाडेकरू, असा माझा बेत होता. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आलेला पार्ट आधी नापास धरायचा आणि मग मापायचा, ही अठरा वर्षांची सवय. माणसंही मी तशीच मापतो, असं बायको म्हणते. ते काही खोटं नाही.

घरमालक सत्तरी ओलांडलेले, मूळचे मावळातले, कंपनीतून रिटायर झालेले. भरघोस पांढरी मिशी, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं. त्यांनी नळ सोडून दाखवला, जिना दाखवला, ओल कुठं कुठं येते तेही न लपवता दाखवलं. आतल्या खोलीचं दार तेवढं लोटलेलं होतं. मी हात लावणार तोच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आत मंडळी हायेत. झोपल्यात."

सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या भागात त्या वेळेला कोण झोपतं? रात्रपाळी करून आलेली माणसं. एका खोलीत चार-चार कॉट टाकून शिफ्टवाल्यांना भाड्यानं देणारी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाडायला घेतलेल्या घरात भाडेकरू निघाला आणि उद्या 'जात नाही' म्हणाला, तर बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.

बाहेर आल्यावर एजंटला विचारलं. मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "निघतील राव. कागदावर रिकामा ताबा लिहून घेऊ." घेतलं लिहून. ताब्याची तारीखही ठरली.

तारखेला महिना उरला असताना घरमालकांचा फोन आला. "साहेब, जरा मुदत वाढवून मिळंल का? मंडळींना एवढ्यात हलवता यायचं न्हाई."

"का?"

"अडचण हाय जरा."

"किती दिवस?"

"त्ये कसं सांगायचं? आपल्या हातात थोडंच हाय?"

एवढं ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. म्हणालो, "त्यांना कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला ठरल्या तारखेला घर रिकामं पाहिजे. आत एक माणूस दिसता कामा नये."

ते म्हणाले, "बरं."

फोन ठेवून मी बायकोकडं ऐटीत बघितलं. म्हटलं, असं खमकं बोलावं लागतं. तिनं विचारलं, "पण मंडळी म्हणजे कोण?"

"कोण का असेनात," मी म्हणालो.

तारीख यायला बारा-तेरा दिवस होते तेव्हा पुन्हा फोन आला.

"साहेब, मंडळी गेली परवा. घर मोकळं झालं. तुमी तारखेला या."

"बरं झालं," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. "सुटली एकदाची!"

ते म्हणाले, "व्हय. सुटली."

ताबा घ्यायला गेलो तर ते फाटकातच उभे. मिशी नव्हती. टोपीखालचं डोकंही नुकतं भादरलेलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आधी आतली खोली बघायला धावलो. त्यांची मुलगी तिथं केर काढत होती. चार कॉट नव्हत्या. डोक्याकडून वर उचलता येते तसली दवाखान्याची एकच खाट होती, आणि खिडकीच्या गजाला, धरून उठता यावं म्हणून, जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती.

"कोण आजारी होतं?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली. "तुम्हाला दादा बोलले ना फोनवर?" वडिलांना ती दादा म्हणायची.

जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, मंडळी म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या गावाकडं कितीदा ऐकलं होतं. इथं ते आठवलंच नाही, कारण मी खोट शोधत होतो.

मुलगी हळू आवाजात सांगत राहिली. दवाखान्यापायी घर विकायला काढलं, पण गुण आला नाही. आईचं एकच मागणं होतं, मला या खोलीतून न्या, दुसरीकडून नको. डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितला होता, म्हणून दादांनी मुदत मागितली. माझा फोन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला पिंपळे सौदागरला, हिच्याच अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, तर दोघांनी धरून तिला उभी केली. पुढं जेमतेम दोन आठवडे काढले तिनं, आणि रोज विचारायची, घरी कधी जायचं?

"मला वाटलं, भाडेकरू आहेत," मी म्हणालो. माझे शब्द माझ्याच कानांना सोसेनात. तिनं हातातल्या केरसुणीची मूठ घट्ट धरली.

तेवढ्यात म्हातारे आत आले आणि त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"भेटाय आलं त्ये समदं रडतच आलं," ते म्हणाले. "तुमी येकलंच फोनवर खरं बोललात. सुटली म्हनालात. लई तरास काढला वं तिनं. तुमच्या त्या बोलन्यानं मला लई धीर आला, साहेब."

खरं काय ते मी तिथंच सांगायला हवं होतं. पण त्या माणसानं माझा हात सोडला नव्हता, आणि मुलगी माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हणालो. "सुटल्या त्या."