पुढचं कार्ड येईपर्यंत

माझ्या धाकट्या दिराएवढी वाट बघणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरा नाही. बस समोर उभी असली तरी मागची रिकामी येईल म्हणून ते थांबतात. तरुणपणी सरगूरची एक मुलगी त्यांना पसंत पडली होती; पण पुढच्या महिन्यात पिरियापट्टणचं स्थळ येणार होतं, म्हणून तिच्या वडिलांना म्हणाले, "स्वल्प तडीरी, जरा थांबा." वडील थांबले नाहीत. तिला आता नातवंडं आहेत आणि आमचे भाऊजी सत्तरीत माझ्या हातचा सारू-भात खातात.

निवृत्त झाल्यावर त्यांना कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नाद लागला. घोड्यावर बसून डोंगर-जंगल हिंडायचा खेळ. त्यासाठी भलामोठा पडदा आणला, पाठ टेकायची खुर्ची आणली, आणि ज्याच्यामुळे चित्र स्वच्छ उमटतं ते ग्राफिक्स कार्ड तेवढं जुनंच ठेवलं. कारण नवं येणार होतं. ते आलं, तर त्याच्यापुढचं येणार होतं. रोज कॉफीबरोबर मला बातमी, "वहिनी, आत्ता घेईल तो मूर्ख. पुढच्यात मेमरी दुप्पट आहे." मी चौथी शिकलेली. म्हणायची, "तोवर तुमची मेमरी टिकू दे म्हणजे झालं." ते खो खो हसायचे. वाट बघण्यात एवढा सुखी माणूस मी पाहिला नाही.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारून पडद्यापुढे उभं केलं. "बघा, पानं कशी धुरकट दिसतात! म्हणून नवं कार्ड पाहिजे."

"मला तर पानावरचं दंवसुद्धा दिसतंय."

"सुम्ने उगाच काहीतरी बोलू नका."

"कार्ड नाही हो भाऊजी, डोळे गेलेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी ओढतच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढा. भाऊजींनी विचारलं, "पुढच्या वर्षी याहून चांगलं भिंग येणार आहे का?"

"येईल की. पण तोवर डोळाच बिघडला, तर ते बसवायचं कुठं?"

 मी सहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. मग जन्मात पहिल्यांदा, जे समोर होतं ते त्यांनी घेतलं.

दोन्ही डोळे झाले, औषधाचे थेंब संपले, तेव्हा ते पडद्यापुढे बसले. "वहिनी, पान न् पान दिसतंय! जुन्याच कार्डावर!" खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. "तुमचे केस एवढे कधी पांढरे झाले?"

"तुम्ही कार्डाची वाट बघत होता तेव्हा."

या वेळी हसले नाहीत. शेजारी स्टूल ओढलं. म्हणाले, "बसा. त्या डोंगरापलीकडे मी अजून गेलोच नाही. नव्या कार्डासाठी राखून ठेवला होता."

डाळ शिजायची होती. मी गॅस बंद करून आले आणि बसले.