मिठाच्या तळ्याकाठी

बाबा गेले तेव्हा माझ्या व्हिसाचं रिन्यूअल अडकलं होतं. भारतात गेलो असतो तर परत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून गेलो नाही. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर बाबाच म्हणाले होते, "येऊ नकोस. आणि मागाहून मनाला लावून घेऊ नकोस." पहिलं ऐकलं, दुसरं काही जमेना.

दहाव्याला धाकट्या भावाचा फोन आला. इथे नेवाडात आदली संध्याकाळ होती. "दादा, तास झाला, पिंडाला कावळा शिवत नाहीये. आईला सांभाळू म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतायत." बाबा माझ्यावरच रुसले, हे मी मनाशी धरलं. देवाचाही राग आला.

सकाळी बायको म्हणाली, "कुठेतरी पाण्याकाठी जाऊन निदान तिलांजली तरी दे." मी हट्टानं गाडी काढली ती डेथ व्हॅलीकडे. तिथे मैलोन् मैल नुसतं मीठ, पाणी नावालाही नाही. बायको मांडीवर दहीभाताचा डबा घेऊन शेजारी बसली.

पोचलो आणि पाय थबकले. समोर तळं होतं! डोंगर त्यात उलटे दिसत होते. गेल्या आठवड्यातल्या पावसानं ते भरलं होतं. दुःखात मी बातम्याच पाहिल्या नव्हत्या. काठावरच्या एक वृद्ध अमेरिकन बाई म्हणाल्या, "वीस वर्षं येतेय. असं पाणी आज पहिल्यांदा पाहिलं." पाण्यात उतरायला मी बूट काढले, तेव्हा माझे अनवाणी पाय बघून त्यांनी आपल्या रबरी चपला काढून दिल्या. "मीठ पाय कापतं, बेटा."

घोटाभर पाण्यात उभा राहून अंजली सोडली. सवयीनं आचमनही केलं आणि तोंड इतकं खारट झालं की मी खोकतच सुटलो. बायको हसली, मग मीही हसलो, आणि हसता हसता दहा दिवसांचं रडू फुटलं. "बाबा," मी मोठ्यानं म्हणालो, "मनाला लावून घेणार नाही."

मागे काठावर खडबड झाली. उघड्या डब्यात भला मोठा काळाकभिन्न डोमकावळा चोच घालून बसला होता.

तिथले कावळे पर्यटकांच्या डब्यांना चटावलेले असतात, हे मला ठाऊक आहे. मला वाद घालायचा नाही. ज्या वाळवंटात मी देवाला टाळायला गेलो, तिथे त्यानं आधीच पाणी भरून ठेवलं होतं. मी फक्त हट्ट सोडायचा होता.

चपला परत करून, हात जोडून, मी भावाला फोन लावला.

"शिवला रे," एवढंच बोलता आलं.