कॅप्टन विराजचं ते एक वाक्य

हे कुणालाच माहीत नाही. आई-बाबांना नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या दर्शनाला तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण थेट मुद्द्यावर यायला जमेल का — बघू. आधी सिनेमाचं सांगते. ते सांगताना मला अजून मजा येते, हेही ऐकून घ्या. इतकं करूनही मजा शिल्लक कशी राहते? माहीत नाही. राहते.

तो अवकाशातला सिनेमा — नाव लिहीत नाही — त्याचा पहिला भाग मी आणि दर्शनाने अलिबागच्या कॉलेजात असताना तिच्या फोनवर पाहिला. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. एकूण सहा वेळा. एकटा नायक, त्याचं जुनं खटारा यान, आणि सगळ्या ताऱ्यांशी वैर. आम्ही वेड्या झालो होतो. मी चौलजवळच्या नारळ-सुपारीच्या वाडीतली मास्तरांची मुलगी, ती थळच्या कोळीवाड्यातल्या तांडेलाची — म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाची — मुलगी. सिनेमा नसता तर आम्ही एकमेकींशी बोललोही नसतो कदाचित.

दुसरा भाग यायला बरीच वर्षं लागली. तोवर मी कोर्टासमोरच्या एका वकिलांकडे टायपिंगला लागले होते. पहिल्याच दिवशी दुपारी बाराचा शो. मी डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून निघाले, दर्शना सहा आसनी रिक्षात कोंबून घेऊन थळहून आली. तासभर आधी पोचलो. दार उघडायची वाट बघत उभ्या राहिलो.

आणि मग काय झालं माहितेय? पहिल्या अर्ध्या तासात नायक जखमी होऊन बिछान्याला खिळतो आणि यान दोन बायकांच्या हातात येतं. एक साठीची कमांडर — पांढरे बारीक कापलेले केस, एक गुडघा कामातून गेलेला, आवाज असा की समोरचा आपोआप ताठ उभा राहावा. दुसरी इल्का, तरुण पायलट. हिची गंमत अशी की यानाने एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे झेप घेतली की ही ओकते. दर वेळी. कमरेला पिशवी बांधलेली, त्यात ओकते, तोंड पुसते आणि पुन्हा यान वळवायचा दांडा धरते.

पहिल्यांदा थिएटर हसलं. दुसऱ्यांदाही हसलं. तिसऱ्यांदा यान आगीच्या गोळ्याकडे पडत होतं, इल्का ओकत होती आणि डाव्या हाताने यान वळवत होती — तेव्हा कुणी हसलं नाही. दर्शनाने माझं मनगट असं दाबलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला. मला म्हणाली, "बघ गो. ओकते, पण दांडा सोडत नाय."

मी रडत होते. आनंदाने. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी आहे, आणि पुढे मी वाट लावली ती त्याच दिवसाची.

दर्शनाला ते दृश्य इतकं का लागलं, ते सांगायला हवं. तिला बोट लागते. कोळ्याची मुलगी, घरासमोर समुद्र, आणि बोटीत पाय ठेवला की पोटात ढवळून येतं. याची तिला भयंकर लाज होती. घरी तिने कधी कळू दिलं नाही — बायका कुठे जातात मासेमारीला, म्हणून ते झाकून गेलं. पण मनातून तिला वडिलांची बोट चालवायची होती. हे दोघांनाच माहीत होतं. एक तिचा थोरला भाऊ महेश, आणि दुसरी मी. महेश दर रविवारी उजाडताना तिला लहान होडीतून उंदेरी बेटाच्या बाजूला न्यायचा, सवय व्हावी म्हणून. ती ओकायची, तो थांबायचा, ती तोंड धुवायची, पुन्हा निघायचे. वडिलांना तो सांगायचा, जाळं बघायला गेलो होतो. महेश तसा कमी बोलणारा. पण बहिणीचं हे गुपित त्याने मुठीत धरून ठेवलं होतं.

आता माझ्याकडे येते. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

मराठीतून अवकाशाच्या सिनेमांवर बोलणाऱ्या वेड्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. अलिबाग, पनवेल, म्हसळ्यापासून नागपूरपर्यंतची माणसं. मी आधी स्वतःच्या नावाने लिहायची. उत्तरं यायची — हिरो आवडला वाटतं? कथा समजली का ताई? मग एकदा गंमत म्हणून पुरुषाचं नाव घेतलं. कॅप्टन विराज. तेच विचार, तीच वाक्यं. आणि लोक वाद घालू लागले, सलाम ठोकू लागले, 'कॅप्टन काय म्हणतात ते बघू' म्हणू लागले. मला ते किती आवडायचं सांगू? टायपिंगच्या टेबलावर दिवसभर 'उपरोक्त प्रतिवादी' लिहायचं आणि जेवणाच्या सुट्टीत कॅप्टन व्हायचं. दर्शनाही त्या ग्रुपमध्ये होती. स्वतःच्या नावाने. कॅप्टन कोण हे तिला मी सांगितलं नव्हतं. का नाही? आधी गंमत म्हणून. नंतर — ते माझं एकटीचं होतं म्हणून.

दुसरा भाग आला आणि ग्रुप पेटला. मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मिनिटाला नवी पोस्ट. नायकाला खाटेवर झोपवलं म्हणून एकाने निषेध म्हणून काळा फोटो लावला. म्हातारीला हुकूम सोडायला कुणी ठेवलं, असा दुसऱ्याचा सवाल. इल्काचे तर हाल. तिला 'ओकारी एक्सप्रेस' नाव पडलं, तिच्या तोंडाला पिशवी लावलेली चित्रं फिरली. आणि दुसऱ्या बाजूला — म्हसळ्याच्या एका शाळकरी मुलीने कमांडरचं पेन्सिलचित्र टाकलं होतं, गुडघ्याच्या पट्ट्यासकट. एका नर्सने लिहिलं, आमच्या मेट्रन अश्शाच आहेत, लंगडत येतात आणि वॉर्ड सरळ होतो. मी ऑफिसात फोन मांडीवर ठेवून वाचत होते. काय दिवस होते ते.

आणि सगळे विचारत होते, कॅप्टन गप्प का?

मला काय वाटत होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी रडले होते. पण बहुतेक मंडळी चिडलेली होती आणि कॅप्टन त्यांचा होता. मी शनिवारी दुपारी, वकीलसाहेब गेल्यावर, एका बैठकीत पोस्ट लिहिली. म्हटलं, यान चालवायला पोट नाही, छाती लागते. म्हातारीला निवृत्तिवेतन द्या आणि पायलटला लिंबू. चुरचुरीत लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. लोक तुटून पडले. लाईक, हसणारे चेहरे, 'कॅप्टनने मैदान मारलं'. मी खुर्चीत बसून हसत होते. आपण पाहिलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टीवर थुंकताना माणूस इतका खूश कसा असू शकतो? मी होते. खूप खूश होते.

त्यावर दर्शनाने उत्तर दिलं. तिचं लिहिणं साधं असायचं. तिने लिहिलं की ज्याला कधी ढवळून येत नाही त्याने दांडा धरला तर त्यात काय मोठं, ज्याला येतं आणि तरी धरतो त्याला तांडेल म्हणतात. बस, एवढंच.  मग एकेक जण 'खरंय' म्हणू लागला. चक्क माझेच लोक.

मला राग आला. तिचा — जिच्या शेजारी बसून मी रडले होते तिचा. कारण तिचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. दुसरं काही नाही.

मी लिहिलं: 'थळच्या तांडेलाची पोर होडीत बसली की ओकते, आणि इथे अवकाशयानाची वकिली करते.'

लिहिलं आणि पाठवलं. दोन्हींमध्ये वेळ होता. मी ते पुन्हा वाचलं होतं. एक शब्द बदललाही होता — आधी 'मुलगी' होतं, त्याचं 'पोर' केलं, जास्त झोंबावं म्हणून.

पुढच्या दोन तासांत तिच्या नावाखाली काय काय आलं ते लिहीत नाही. कोळीवाड्यातल्या पोरांनी ते तिच्या चुलतभावांपर्यंत पोचवलं, तिथून वडिलांपर्यंत. संध्याकाळी मी ते वाक्य काढून टाकलं. पण तोवर त्याचे फोटो निघाले होते.

इथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मी जे सांगायला बसलेय ते हे नाहीच. ते पुढे आहे.

सोमवारी दुपारी दर्शना माझ्या ऑफिसात आली. डोळे सुजलेले. पायरीवर बसली आणि म्हणाली, "मना बोट लागते ता दोघांनाच मायत व्हता. महेशला आणि तुला."

 वाटलं, संपलं. आणि खरं सांगू, क्षणभर बरंही वाटलं.

पण ती पुढे म्हणाली, "तू तर माझे बाजूला बसून रडत व्हतीस. म्हणजे महेशच. त्याने त्या कॅप्टनला सांगितलं असंल, नायतर कोणा दोस्ताला. बाबांनी आता सांगितलंय, होडीला हात लावायचा नाय. तो असा करंल गो?"

ती विचारत होती. तिला 'नाही' ऐकायचं होतं. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं, खरं सांगायचीही गरज नव्हती.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पुरुषांचं काय सांगावं दर्शना. मित्रांत बसून बोलून गेला असेल."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारची होडी बंद झाली. महेशने शपथा घातल्या, तिने ऐकलं नाही. दोन महिन्यांत तिने पनवेलच्या एका दुकानात नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. त्या वर्षी भाऊबीजेला आली ती ओवाळणीचं ताट न लावता परत गेली. पुढच्या वर्षीही तेच. तिच्या आईने मला फोन करून विचारलं, "तुझा ऐकते ती, तू सांग ना." मी म्हटलं, सांगते मावशी. महेश तर एकदा माझ्या ऑफिसात आला. दारातच उभा राहिला. "ती तुला काय बोल्ली काय? मीच बोल्लो असा तिला कशावरून वाटते ता तरी मना समजूं दे." मी म्हटलं, मला नाही माहीत.  तो बरं म्हणाला आणि गेला. माझ्यावर त्याचा संशय कधी आला नाही. यायला हवा होता ना? मोजून दोनच माणसं होती.

कॅप्टन विराजने त्या पहिल्या भाऊबीजेनंतर काही लिहिलं नाही. लोक थोडे दिवस विचारत राहिले, मग दुसरा कॅप्टन शोधला. तिसऱ्या भागाची झलक आली तेव्हा मी ती बाथरूममध्ये जाऊन पाहिली, सलग चार वेळा. त्यात इल्का यानाची कमांडर झाली आहे. मला नाचावंसं वाटलं. कुणाला सांगणार?

परवा दर्शनाचा साखरपुडा झाला, थळला, घराच्या अंगणात. मुलगा पनवेलचा, चांगला आहे. अंगठ्या घालून झाल्या, माणसं जेवायला बसली, तेव्हा महेश तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नवा शर्ट, हातात पाण्याचा जग तसाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मीच बोल्लो व्हतो गो. दारूच्या नादात. चुकी झाली. आता राग सोड."

तो दारू पीत नाही. दर्शनाला हे माहीत आहे, मला माहीत आहे. पण तिला तेवढंच हवं होतं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, तिची आई रडली, वडील तोंड फिरवून उभे राहिले. महेशच्या चेहऱ्यावर मी पाहिलं — तो थकला होता. न केलेलं कबूल करून त्याने आपली बहीण परत घेतली होती.

मी मागे उभी होते. एक पाऊल पुढे टाकायचं आणि तोंड उघडायचं, इतकंच काम. मी नाही टाकलं.

नंतर दर्शना हात धुऊन माझ्याजवळ आली. मी म्हटलं, आता परत जाशील का होडीवर? ती हसली. "आता कशाला. लग्न हाय आता." मग माझा हात धरून म्हणाली, "तू तवाच बोल्ली व्हतीस, तोच असंल. मीच उगाच दोन वर्षं घालवली. त्याच्याकडून कबूल करून घ्यायचा व्हता."

मी म्हटलं, "जाऊ दे गं. झालं गेलं."

असं मी म्हटलं. मीच.