नमद्यात शिवलेला शेअर

१७ एप्रिल २००३, गुरुवार. बिश्केक. सकाळी ऊन, दुपारी वारा. शेजारच्या तुरसुनाय एजेंनी (एजे म्हणजे इथे ताई) अंगणात मोठा नमदा, लोकरीचा जाड गालिचा, धुतला. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने त्याच्या अस्तरात लोकर गिरणीच्या शेअरांचा कागद शिवून ठेवला होता. त्याचा लगदा झाला.

गिरणी विकायची की नाही, यावर शनिवारी मतदान होतं. एजेंची लेक तिथेच कामाला; गिरणी विकली तर तिच्या नोकरीचं काय, ही धास्ती. संचालकाने फोनवर सांगितलं, "कागद नाही तर मत नाही."

आमच्या इमारतीतली अनारकुल डिपॉझिटरीत, म्हणजे कुणाचे किती शेअर याची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, नोकरी करते. मेंढपाळाची मुलगी, तिला घाईने बोलताना मी कधी ऐकलं नाही. कामावर निघालेल्या तिला एजेंनी चहाला बसवलं.

"अगं, माझा शेअर विरघळला!" एजे रडू लागल्या.

"एजे, विरघळला तो कागद. शेअर आमच्या नोंदीत आहे."

"मला वेडी समजतेस होय?"

अनारकुलने चहाचा घोट घेतला. "माझे वडील चाळीस घरांची मेंढरं वरच्या कुरणात न्यायचे. खाली गावात कुणी मेंढी विकली, तर ती डोंगर उतरून यायची का?"

"कशाला येईल? निरोप जायचा. आजपासून ती अमक्याची."

"मग? मेंढी तिथेच, धनी बदलला. आम्हीही तेच करतो. पूर्वी ही यादी संचालकाच्याच खणात असायची."

"लांडग्याकडे राखण!"

"म्हणून तर ती तिसऱ्याकडे दिली. तीन वर्षांपूर्वी दाजींचे शेअर तुमच्या नावावर करायला मी तुम्हाला ओढत नेलं होतं. किती शिव्या घातल्यात!"

दुपारी एजेंबरोबर मीही डिपॉझिटरीत गेले. खिडकीपलीकडे अनारकुल.

"पासपोर्ट."

"अगं भवाने, सकाळीच माझ्याकडे चहा प्यायलीस ना!"

"चहा घरी, एजे. इथे पासपोर्ट."

एजे धुसफुसत परत गेल्या आणि पासपोर्ट घेऊन आल्या. तेव्हाच त्यांच्या शेअरांच्या नोंदीचा शिक्का मारलेला उतारा हातात पडला. येताना म्हणाल्या, "मलासुद्धा ओळख दाखवत नाही, म्हणजे संचालकालाही दाखवणार नाही." त्या पहिल्यांदाच हसल्या.

१९ एप्रिल, शनिवार. संचालकाने उतारा उलटसुलट करून पाहिला, मग मतपत्रिका पुढे सरकवली. गिरणी विकायची नाही असं ठरलं, निदान यंदा तरी. एजे मटणाचा रस्सा घेऊन आल्या. अनारकुलसाठी वेगळी वाटी.

नमदा अजून ओलाच आहे. उद्या उलटा करून वाळत घालायचा.