आईच्या नावची डबी

मी मुळातच संशयी. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय दूध घेत नाही आणि एसटीत शेजारची बाई गोड बोलायला लागली की पिशवी मांडीवर घेते. त्यामुळे पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतली एक मुलगी हिर्डोशीला आमच्या ओट्यावर बसून माझ्या आई-वडिलांकडे त्यांची विष्ठा मागायला लागली, तेव्हा मी लगेच ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

भातकापणीसाठी मी कापूरहोळहून माहेरी आले होते. मुलगी बोलायला नीट होती. माणसाच्या आतड्यात असंख्य जंतू असतात, त्यातले बरेचसे उपकारीच. नाचणी-भात खाणाऱ्या, शेरडांत वावरणाऱ्या डोंगरातल्या माणसांच्या पोटात कुठले जंतू आहेत ते त्यांना मोजायचं होतं. सूक्ष्मदर्शकातून बघून नव्हे. विष्ठेतून जंतूंचा डीएनए वेगळा काढायचा, तो मशिनवर वाचायचा, म्हणजे आत कोण कोण राहतं आणि कुणाची वस्ती दाट ते कळतं.

"आणि ह्यात तुम्हाला काय मिळतं?" मी विचारलं.

"माहिती," ती म्हणाली.

माहितीसाठी कुणी एवढ्या आडवळणाला येऊन घाण नेतं होय? आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की आम्ही संडास वापरतो की नाही ते बघायला सरकारनं माणूस धाडलंय. आमच्या संडासात तेव्हा गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि आबा टमरेल घेऊन ओढ्याकडं जात होते. शेजारणीनं करणीचं काढलं. केस-नखंसुद्धा परक्याच्या हाती देऊ नयेत, मग हे कसं द्यायचं? मला यातलं काहीच पटलं नाही, पण निर्धास्तही वाटेना.

आईच तेवढी शांत होती. "दिऊन टाकू की. न्हाईतरी टाकायचीच चीज," असं म्हणून तिनं मुलीला चहा दिला. जिनं जन्मात डॉक्टरला जीभ दाखवली नाही, ती इतक्या पटकन तयार कशी झाली, ही शंका मात्र मला आली नाही.

डबीच्या झाकणाला छोटा चमचा होता आणि तळाशी जंतू जसेच्या तसे राहावेत म्हणून पाण्यासारखं औषध. वर नाव नाही, नुसता नंबर. "कुणाचं काय ते उघड होऊ नये म्हणून. कुठला नंबर कुणाचा ते फक्त आमच्या वहीत," मुलगी म्हणाली. नाव तर चोरही लपवतो, असं माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्याही डब्या आईनंच पुसून, पिशवीत बांधून तिच्या हवाली केल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती मुलगी पुन्हा आली. मी तेव्हाही माहेरीच होते, कारण आई फार वाळली होती. दात नाहीत, भाकरी चावत नाही, असं तिचं म्हणणं.

मुलगी चाचरत म्हणाली, "ताई, डब्या भरताना काही गडबड झाली का? दोन्हींत एकाच माणसाचं आलंय." एका घरात राहणाऱ्यांचे काही जंतू सारखे असतात, पण इतके तंतोतंत नवरा-बायकोचेसुद्धा जुळत नाहीत.

मी उसळले. "तुमचा घोटाळा आमच्या माथी मारू नका! गाडीत सांडलं असेल, नाहीतर तुमच्या ड्रायव्हरनं काहीतरी केलं असेल."

"चूक आमचीही असू शकते," ती म्हणाली. "म्हणून तर विचारायला आले. दोघांचंही पुन्हा घेऊ या? आधी आजींचं." तिनं नवी डबी पुढं केली. आईनं हात पदराखाली घेतला.

तो हात मी बघितला. मुलगी गाडीकडं गेल्यावर मी चुलीपाशी आईला गाठलं. "आये, खरं सांग."

"खोटं कुठं हाय? म्या ह्येंच्याच ताटात जेवती. एका चुलीचं, एका ताटातलं. मंग पोटात येगळं काय आसनार? म्हनून दोन्हीत ह्येंचंच भरलं."

आबांचं जेवण झालं की आई त्याच ताटात वाढून घेते. लग्नापासून तिला स्वतःचं ताट नाही. मला हसू आलं, पण संशय काही जाईना.

"आगं, पण तुजंच का न्हाई दिलंस?"

ती चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारत राहिली. मग म्हणाली, "माजं तांबडं पडतं."

"कदीपास्नं?"

"गेल्या भातलावणीपास्नं. तुला सांगितलं आस्तं तर दवाखान्यात टाकलं आस्तंस. शेरडांकडं कोन बगनार?"

मला तिचा भयंकर राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. सरकार, ड्रायव्हर, मशिन, सगळ्यांवर मी डोळा ठेवला होता. घरातली वाळत चाललेली आई तेवढी सुटली होती.

सकाळच्या एसटीनं तिला भोरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि तिच्या हातात एक डबी दिली. ती संडासाकडं निघाली तशी मीही मागोमाग गेले आणि दाराबाहेर उभी राहिले. आता तिच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मी दाराला कान लावला.

"आये, तुजंच हाय न्हवं?"

"आता हितं दुसऱ्याचं कुटनं आनू?" ती खेकसली. मग बारीक आवाजात म्हणाली, "पोरी, हायस न्हवं भाईर?"

"हाय."

"जाऊ नगंस."