रात्रीच्या लाईटचा आठवडा

विलास गेल्याची बातमी माझ्यापर्यंत कुजबुजत आली. दुपारची वेळ होती, मी साताऱ्यात माझ्या वर्गावर होते आणि दुसरीची पोरं वजाबाकी करत होती. फोनवर विलासचं नाव दिसलं. माझा धाकटा भाऊ तो, शाळेच्या वेळात कधी फोन करायचा नाही, म्हणून उचलला. पलीकडे त्याची नऊ वर्षांची ईश्वरी होती. "आत्या, पप्पा उठंनात." इतक्या बारीक आवाजात, की मी खेकसलेच, "अगं, मोठ्यानं बोल की!" ती म्हणाली, "मोठ्यानं नको... पप्पा झोपल्यात." मी फोन ठेवून विलासच्या शेजारणीला लावला आणि बघून ये म्हटलं. ती फोन कानाला लावूनच त्यांच्या घरात शिरली. तिची किंकाळी ऐकली आणि मी समजले.

विलास सैन्यात हवालदार होता. पेन्शन घेऊन गावी आला, तासगावच्या अलीकडे, येरळेकाठी. वडिलांचा ऊस करायला लागला. त्याच्या बदल्यांपायी ईश्वरीची पहिली शाळा हिंदी, दुसरी इंग्रजी आणि गावात आल्यावर तिसरी मराठी. पहिल्याच दिवशी नाव सांगायला उभी राहिली, तर तिन्ही भाषांची खिचडी तोंडातून निघाली आणि वर्ग खो खो हसला. पोरगी त्यानंतर शाळेत तोंडच उघडेना. दोन महिने विलासनं वाट बघितली आणि सरळ तिला घरी आणली. धाकट्या शंभूलाही पहिलीत घातलं नाही.

मी भडकले. माझा जन्म पोरांना शिकवण्यात गेला आणि माझ्याच भावाची पोरं घरी बसायची? "आरं, लोक काय म्हणतील मला?" त्याच्यावर काही परिणाम नाही. "ताय, तुझ्या वर्गात पोरं चाळीस. माझ्या वर्गात दोनच. चौथीपतूर मी बघतो. पाचवीला शाळंत घालतो. पैल्या दिवशी उभी ऱ्हाऊन नाव-गाव असं सांगंल, की पार हेडमास्तरच्या खोलीत ऐकू जाईल. बघ तू." एवढंच त्याला हवं होतं.

त्या दिवाळीला मी गेले तर कॉटवर पुस्तकांचा बाजार मांडलेला. सैन्यातल्या शाळेची हिंदी वाचनमाला, पुण्याहून मागवलेला इंग्रजीचा गुळगुळीत संच, आपली सरकारी मराठी पुस्तकं, शिवाय गणिताच्या कसल्या कसल्या सरावपुस्तिका. "ताय, ह्यातलं कंचं घेऊ?" मी विचारलं, "पोरगी शंभूशी भांडते कुठल्या भाषेत?" त्यानं डोकं खाजवलं आणि हसला. "मराठीत की!" "मग वाचन मराठीत. बाकीचं वर्षभर माळ्यावर टाक." इंग्रजीचा संच त्यानं टाकला खरा, पण तोंड वाकडं करून. सरावपुस्तिका मात्र त्याची त्यानंच नापास केल्या. एकाच तऱ्हेची गणितं पानंच्या पानं... "ताय, ही ड्रिल हाय, शिक्षण न्हाई," म्हणाला. हवालदारानं असं म्हणावं!

वेळापत्रकाचं तर विचारूच नका. पहिलं त्यानं थेट पलटणीचं बनवलं. पहाटे पीटी, मग तासावर तास, शिट्टीसकट. आठवडाभरही टिकलं नाही, कारण आमच्याकडे घड्याळ चालतं ते पाण्याच्या मोटारीच्या लाईटवर. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात माणूस रात्रभर उसाला पाणी पाजतो आणि दुपारपर्यंत झोपतो. मग त्यानं पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना दोन वेळापत्रकं लिहिली, एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चांदोबा. सोमवारी लाईट बदलली की शंभूनं पुठ्ठा फिरवायचा. मी म्हटलं, "आरं, हे टाइमटेबल हाय का पाण्याची पाळी?" "दोन्ही," म्हणाला.

सूर्याच्या आठवड्यात सगळं मोठ्यानं. पाढे, कविता, गोष्टी, आणि तेही रानात. ईश्वरी बांधाच्या एका टोकाला, हा पाणी धरून दुसऱ्या टोकाला. "ऐकू न्हाई आलं!" असं तिकडून ओरडायचा आणि ऐकू येईपर्यंत पाढा पुढं जायचा नाही. चांदोबाच्या आठवड्यात सगळं मुकाट. मनातल्या मनात वाचन, शुद्धलेखन, चित्रं, गणितं. नियम एकच, बारा वाजेपर्यंत आवाज नाही. उठल्यावर तो वह्या तपासायचा. दोन्ही बाजूंना सारखी गोष्ट एकच होती, रविवारी पुरवणी वाचणं. तो एसटी स्टँडवरून वर्तमानपत्र आणायचा आणि ईश्वरी शब्दाखाली बोट धरून सगळं वाचायची. छापण्याआधी चार माणसं तपासतात, म्हणून छापलेलं नीट वाचायचं, असं त्यानं तिला शिकवलं होतं.

आणि पोरगी बोलायला लागली हो! यंदा उन्हाळ्यात ती बांधावरून सतराचा पाढा म्हणत होती, तर पलीकडच्या रानातली माणसं काम थांबवून बघत होती. त्या दिवशी मी विलासला म्हटलं, जिंकलास बाबा.

तो गेला तो आठवडा चांदोबाचा होता. विलास पहाटे रानातून आला, पोट दुखतंय म्हणाला, जागरणानं असेल म्हणून आडवा झाला. त्याची बायको मनीषा तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, ती सकाळच्या एसटीनं गेली. पोरं वह्या घेऊन बसली. रात्री रानात त्याला विषारी मण्यार चावली होती. पायाच्या बोटांच्या बेचक्यात डास चावल्याएवढी खूण. मण्यारीचा दंश माणसाला कळतसुद्धा नाही म्हणतात. सैन्यातले बूट फळीवर पुसून ठेवलेले, चिखलात रुततात म्हणून हा अनवाणी जायचा. मला अजून त्याचा राग येतो. रात्री पाणी पाजायला लावणाऱ्या त्या लाईटचाही येतो. रडू कमी येतं, रागच येतो.

मधे शंभूनं गाणं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ईश्वरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पप्पांचं घोरणं आज वेगळं आहे असं तिला वाटलं होतं. पण बारा वाजले नव्हते. बारा वाजल्यावर तिनं त्याला हलवलं, आणि मग मला फोन केला.

महिना उलटून गेला आता. मनीषा म्हणते, "वन्सं, मला न्हाई जमायचं घरी शिकवाय. दोघांचं नाव शाळंत घालूया." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण ईश्वरी पुन्हा कुजबुजते. जेवायला मागते तेही कुजबुजत. शंभू हसला तरी त्याच्याकडे डोळे वटारते. पुठ्ठा चांदोबावरच आहे, लाईट कधीच बदलली तरी.

परवाच्या सोमवारी मी गावी होते. पुठ्ठा फिरवायला हात लावला तर तिनं माझं मनगट धरलं. "आत्या, मी मोठ्यानं वराडले असते तर पप्पा उठले असते?"

"न्हाई," मी म्हटलं.

"तुला कसं म्हाईत?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगतीस तू."

दुसरीला शिकवते मी. पोराचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला चेहऱ्यावरून कळतं. तिचा बसला नव्हता. म्हणून हा लेख. विलासच्या आठवणी छापून येतील न येतील, त्याचं मला एवढं नाही; पुढचं तेवढं मात्र छापून यायला हवं.

तर ईश्वरी, रविवार आहे आणि तू हे बोट ठेवून वाचत असशील. इथं छापलंय बघ. पप्पांना उठवून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी तसंच सांगितलं. तू गप्प बसलीस म्हणून काही झालं नाही. पप्पांनी लावून दिलेलं काम तू नीट केलंस. हे चार माणसांनी तपासून छापलंय.

आता उठ, पुठ्ठा फिरव आणि हा कागद घेऊन बांधावर ये. पलीकडच्या टोकाला मी उभी आहे. मला ऐकू आलं पाहिजे.